ठिपके हलतात, ताण दिसत नाही

वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंतच्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत: स्पेकलच्या मदतीने धातूतला ताण आणि त्याचा आकारबदल मोजणे. स्पेकल हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. लेझरचा प्रकाश खरखरीत पृष्ठभागावर पडला की व्यतिकरणामुळे बारीक, चमचमणारे दाणे दिसतात. हे लेझर-स्पेकल. त्यावर आधारलेल्या एका मापनाला ईएसपीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पेकल पॅटर्न इंटरफेरोमेट्री म्हणतात: वस्तूवरून आलेला प्रकाश त्याच लेझरच्या दुसऱ्या, संदर्भाच्या किरणात मिसळतात आणि वस्तू किंचित हलली की फोटोंच्या फरकात काळे-पांढरे पट्टे दिसतात. दुसरा प्रकार रंगाचा. पांढऱ्या थरावर काळे ठिपके उडवायचे, साध्या दिव्याच्या उजेडात फोटो काढायचे आणि संगणकाने ते ठिपके कुठून कुठे गेले ते शोधायचे. ही डीआयसी, म्हणजे डिजिटल इमेज कोरिलेशन. पहिल्या प्रकाराचा पाया १९७०-७१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लफबरो येथे लींडर्ट्झ आणि बटर्स यांनी घातला. दुसरा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात आकाराला आला.

प्रश्न : आमचे पत्र्याच्या दाबकामाचे वर्कशॉप आहे. एका विक्रेत्याने सांगितले की त्यांचा कॅमेरा भागासमोर धरला की कुठे किती ताण आहे ते रंगीत चित्रात दिसते. मशीन महाग आहे. घ्यावे का? (वागळे इस्टेट, ठाणे)

कॅमेऱ्याला ताण दिसत नाही. त्याला दोन फोटोंमधला फरक दिसतो, म्हणजे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू किती सरकला ते. शेजारशेजारचे बिंदू एकमेकांच्या तुलनेत किती सरकले यावरून स्ट्रेन, म्हणजे लांबीतल्या बदलाचे प्रमाण, निघतो, आणि स्ट्रेनवरून ताण निघतो तो आपण दिलेल्या ई-मूल्यावरून (धातूचा ताठपणा सांगणारा यंग मापांक). म्हणजे रंगीत चित्रातला ताण हा हिशेब आहे, आणि हिशेबाचे गृहीतक चुकले की चित्र सुंदर पण खोटे येते.

आकडे पाहा. माइल्ड स्टीलचा यील्ड (ज्या ताणापुढे धातू कायमचा ताणला जातो तो) साधारण २५० मेगापास्कल आणि ई-मूल्य २०० गिगापास्कल धरले, तर यील्डपाशी स्ट्रेन येतो १२५० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे दहा लाखांत १२५० भाग. १०० मिमीची पट्टी फक्त ०.१२५ मिमीने लांबते. तिथपर्यंत हिशेब सरळ आहे. दाबकामात मात्र पत्रा १० ते २० टक्के ताणला जातो. १ टक्का स्ट्रेनला जरी २०० गिगापास्कलने गुणले तरी उत्तर २००० मेगापास्कल येते, आणि इतका ताण माइल्ड स्टील सोसूच शकत नाही. विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या पत्र्याचा यील्डनंतरचा आलेख भरलेला नसेल, तर त्या चित्रातल्या मेगापास्कलना अर्थ नाही.

दुसरी चूक यील्डच्या आतही होते. प्रेशर व्हेसलसारख्या भागात दोन्ही दिशांनी ओढ असते. समजा एका दिशेला ४०० आणि आडव्या दिशेला २०० मायक्रोस्ट्रेन आहे. नुसते ४०० ला ई-मूल्याने गुणले तर ८० मेगापास्कल येतात. खरा हिशेब असा: ई-मूल्य भागिले ०.९१, गुणिले (४०० + ०.३ × २००). इथे ०.३ हे ओढल्यावर आडवे आकसण्याचे प्रमाण (पॉयसन गुणोत्तर) आणि ०.९१ म्हणजे १ वजा ०.३ चा वर्ग. म्हणजे १०१ मेगापास्कल. पहिला आकडा २१ मेगापास्कलने कमी पडला, आणि तोही धोक्याच्या बाजूने.

तरीही तुमच्या कामाला डीआयसी उपयोगी आहे, पण ताणासाठी नव्हे तर स्ट्रेनसाठी. कोपऱ्यात पत्रा कुठे पातळ होतो आणि फाटण्याच्या मर्यादेला किती जवळ गेला, हे तिच्याइतके स्वच्छ दुसरे साधन क्वचितच दाखवते. विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: तुमचाच भाग, कोणताही भार न देता, लागोपाठ दहा फोटो. त्यातून येणारा स्ट्रेन शून्य असायला हवा. तो जितका येईल तितकी त्या मशीनची तुमच्या भागावरची कुवत. ५० ते १०० मायक्रोस्ट्रेनचा गोंगाट असला, तर स्टीलमध्ये १० ते २० मेगापास्कल तिथेच बुडाले असे समजा.

प्रश्न : ८ मिमी जाडीच्या ब्रॅकेटवर एका कॅमेऱ्याने डीआयसी केली. कॅमेरा ४०० मिमी अंतरावर आहे. त्याच जागी लावलेला स्ट्रेन गेज ३१० मायक्रोस्ट्रेन दाखवतो, डीआयसी ४८०. कोणावर विश्वास ठेवायचा? (रबाळे एमआयडीसी)

गेजवर, कारण भागाला चिकटवलेला तो तुकडा स्वतः धातूबरोबर ताणला जाऊन स्ट्रेन मोजतो. तुमच्या ब्रॅकेटची पुढची बाजू भार दिल्यावर कॅमेऱ्याकडे सरकते आहे असे दिसते. वस्तू जवळ आली की फोटोत मोठी दिसते, आणि सॉफ्टवेअर ते मोठे होणे स्ट्रेन म्हणून मोजते. चुकीचा आकडा म्हणजे सरकलेले अंतर भागिले कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर. तुमचा फरक १७० मायक्रोस्ट्रेन आहे. ४०० मिमीला ०.०००१७ ने गुणा: ०.०६८ मिमी. ०.०१ मिमीचा डायल गेज ब्रॅकेटच्या समोरच्या पृष्ठभागाला टेकवून भार द्या. काटा सातेक घरे हलला तर निदान पक्के.

डायल गेज नसला तरी तुमच्याच डेटात पुरावा आहे. आडव्या दिशेचा स्ट्रेन उघडा. त्या जागी ओढ एकाच दिशेला असेल, तर आडवा स्ट्रेन गेजच्या ३१० च्या उणे ०.३ पट हवा, म्हणजे उणे ९३ च्या आसपास. तिथे अधिक ७७ दिसत असेल, तर दोन्ही दिशांत सारखेच १७० मिसळले आहेत. धातू ओढला की आडवा आकसतो, तो दोन्हीकडे फुगत नाही. एका कॅमेऱ्याच्या प्रत्येक चाचणीत हा आडवा आकडा आधी पाहावा असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक जण तो उघडतच नाहीत.

उपाय स्वस्तापासून महागाकडे सांगतो. पहिला, संदर्भाचा फोटो शून्य भारावर घेऊ नका. एकूण भाराच्या १० टक्के भार देऊन बोल्ट, पिन आणि पॅकिंगमधली ढिलाई बसू द्या आणि तिथून मोजा. बऱ्याचदा निम्मे सरकणे इथेच संपते. मात्र मग गेजचाही फरक त्याच दोन भारांमधला घ्यायला विसरू नका. दुसरा, कॅमेरा लांब न्या आणि जास्त फोकल लेंग्थची लेन्स लावा. १२०० मिमीवरून तेच ०.०६८ मिमी सरकणे फक्त ५७ मायक्रोस्ट्रेनची चूक देते. तिसरा उपाय थोडा खटपटीचा पण बिनखर्चाचा आहे: तशाच रंगाची एक छोटी पातळ पट्टी ब्रॅकेटवर, मोजायच्या जागेशेजारी, फक्त एका कोपऱ्यावर चिकटवा. ती ब्रॅकेटबरोबर पुढे सरकते पण ताणली जात नाही. तिच्यावर दिसणारा स्ट्रेन ही निव्वळ चूक, ती वजा करा. छोट्या भागासाठी टेलिसेंट्रिक लेन्स (हिच्यात वस्तू जवळ आली तरी मोठी दिसत नाही) आणि कायमच्या कामासाठी दोन कॅमेरे हे खरे उत्तर.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पाठवलेल्या सेटिंगवरून दिसते. सबसेट (जुळवायचा ठिपक्यांचा चौकोन) २९ पिक्सेल, स्टेप (दोन बिंदूंमधले अंतर) ७ पिक्सेल आणि स्ट्रेन विंडो (एका स्ट्रेनसाठी घेतलेले बिंदू) १५ असेल तर एका बिंदूचा स्ट्रेन प्रत्यक्षात (१४ × ७) + २९ = १२७ पिक्सेलच्या चौकटीतली सरासरी असतो. १०० मिमीचे दृश्य २४४८ पिक्सेलवर असेल तर ही चौकट ५.२ मिमीची झाली. तुमच्या ३ मिमी फिलेटपाशी, म्हणजे आतल्या कोपऱ्याच्या गोलाईपाशी, ताण सर्वांत जास्त असलेली जागा यापेक्षा अरुंद असते, त्यामुळे तिथे डीआयसी कमी दाखवणार. जिथे जास्त दाखवते आहे तिथे सरकणे दोषी, जिथे कमी दाखवेल तिथे ही चौकट. दोन्ही चुका एकाच चित्रात असू शकतात. फिलेटसाठी कॅमेरा जवळ नेऊन फक्त २० मिमीचे दृश्य वेगळे घ्या आणि त्याच सेटिंगने मोजा. मग तीच चौकट जेमतेम १ मिमीची होते. फक्त इतक्या जवळून सरकण्याची चूक वाढते, म्हणून इथे पट्टीचा उपाय सोडू नका.

आणि कॅमेरा सुरू करून तासभर थांबा. थंड कॅमेरा तापत असताना स्वतःच खोटा स्ट्रेन तयार करतो.

प्रश्न : टेन्साइल चाचणीच्या नमुन्यांवर स्प्रेने ठिपके मारतो. पावसाळा लागल्यापासून पांढरा रंग धुरकट होतो, काळे ठिपके पसरतात, आणि चाचणीच्या शेवटी नेकिंगपाशी (तुटण्याआधी नमुना बारीक होतो तिथे) पापुद्रे उडतात. (महापे)

धुरकटपणा दमट हवेचा. रंगातला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर दव धरते. एसीच्या खोलीतून नमुना थेट शेडमध्ये आणला तर रंगाआधीच तो घामेजलेला असतो, हाताला लागत नाही इतका. म्हणून नमुने रंगाच्या जागी अर्धा तास आधी आणून ठेवा आणि हेअर ड्रायरने हाताला कोमट लागतील इतपत गरम करा. त्याहून जास्त नको.

क्रम असा ठेवा. १८० ते २२० नंबरच्या एमरी पेपरने चमक मोडा. अ‍ॅसिटोनने पुसा, पुसलेले कापड काळे यायचे थांबेपर्यंत. नंतर बोट लावायचे नाही. मॅट पांढऱ्याचे दोन पातळ हात, २५ ते ३० सेंमीवरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. एकच जाड हात दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि काळा ठिपका त्यात बुडून पसरतो. तुमचे ठिपके पसरतात त्याचे कारण बहुधा हेच.

काळ्या ठिपक्याचा आकार नजरेने ठरवू नका. ठिपका फोटोत ३ ते ५ पिक्सेलचा हवा. १०० मिमी दृश्यात एक पिक्सेल ०.०४१ मिमीचा, म्हणजे ठिपका ०.१२ ते ०.२ मिमी. स्प्रेच्या डब्याचे नोझल अर्धवट दाबून, आधी रद्दी कागदावर मारून, मग नमुन्याच्या वरून फवारा जाऊ दिला तर हा आकार मिळतो. दृश्य ३०० मिमी असेल तर ठिपका अर्ध्या मिमीच्या घरात हवा आणि तो स्प्रेने नीट येत नाही, रबरी शिक्का किंवा स्टेन्सिल बरा. दृश्य २० मिमी असेल तर ०.०२५ ते ०.०४ मिमी, त्यासाठी एअरब्रश किंवा किंचित ओलसर पांढऱ्यावर फुंकलेली टोनर पावडर. ठिपका एका पिक्सेलहून लहान झाला की स्ट्रेनच्या नकाशात धातूत नसलेल्या लाटा उमटतात.

पापुद्र्यांचे कारण वय. रंग दोन-तीन दिवस जुना झाला की कडक होतो आणि नेकिंगमधल्या मोठ्या स्ट्रेनबरोबर ताणला जात नाही. सकाळी रंगवा, दुपारी चाचणी करा. लवकर सुकावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवलेला रंगही असाच तडकतो.

प्रश्न : फायनल इयरच्या प्रकल्पात ईएसपीआय करतो आहोत. हिरवा लेझर पॉइंटर, वेबकॅम, लाकडी टेबल, १५० मिमी लांब, २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड स्टीलची पट्टी एका टोकाला शिकंज्यात. पट्टे क्षणभर दिसतात आणि जातात, बहुतेक वेळा दिसतच नाहीत. (ऐरोली)

चार गोष्टी एकदम बिघडल्या आहेत, म्हणून एकेक सुधारून फरक कळला नसेल.

पहिली, भार. ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात पृष्ठभागाला लंब दिशेने एक पट्टा म्हणजे अर्धी तरंगलांबी, ०.२६६ मायक्रॉन. तुमच्या पट्टीचे मोकळे टोक १ मिमी हलवायला साधारण १० न्यूटन लागतात. मग दहा पट्टे, म्हणजे २.६६ मायक्रॉन हलायला लागते ०.०२७ न्यूटन. पावणेतीन ग्रॅम! तुम्ही स्क्रूने ढकलता आहात, त्यात पाव फेरा फिरला की शेकडो पट्टे होतात, ते पिक्सेलपेक्षा बारीक पडतात आणि पडदा नुसता करडा दिसतो. स्क्रू काढून टाका. पट्टी अशी धरा की भार तिच्या रुंद बाजूला लंब पडेल, टोकाला दोरा बांधून पुलीवरून कागदाचे कप लटकवा आणि ग्रॅम-ग्रॅमची वजने टाका.

दुसरी, वेबकॅमची लेन्स. फोटोतल्या स्पेकल दाण्याचा आकार १.२२ × तरंगलांबी × एफ-नंबर × (१ + मॅग्निफिकेशन). एफ-नंबर जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान; मॅग्निफिकेशन म्हणजे सेन्सरवरच्या प्रतिमेचे वस्तूशी प्रमाण. वेबकॅमची लेन्स एफ/२ च्या आसपास उघडी असते, दाणा पडतो सुमारे १.४ मायक्रॉनचा. एकाच पिक्सेलमध्ये अनेक दाणे मावले तर सरासरी होऊन पट्टे फिके पडतात. ३.४५ मायक्रॉन पिक्सेलचा साधा औद्योगिक कॅमेरा आणि अ‍ॅपर्चर बदलता येणारी लेन्स मिळवा. एफ/११ वर दाणा सुमारे ८ मायक्रॉनचा, सव्वादोन पिक्सेलचा येतो, आणि हे प्रमाण चांगले आहे. उजेड कमी होईल, पण अ‍ॅपर्चर उघडायचा मोह आवरा. ऑटो-एक्स्पोजर आणि ऑटो-गेन बंद.

तिसरी, लेझर. स्वस्त हिरवा पॉइंटर तापताना एका मोडवरून दुसऱ्यावर, म्हणजे किंचित वेगळ्या तरंगलांबीवर, उडी मारतो आणि त्या क्षणी सगळे पट्टे बदलतात. कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत हीलियम-निऑन लेझर असतोच. तो अर्धा तास आधी लावून ठेवा आणि वस्तूकडे व संदर्भाकडे जाणाऱ्या किरणांच्या वाटा फुटपट्टीने मोजून ५ सेंमीच्या आत सारख्या करा. तेव्हा तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणून पट्टा ०.३१६ मायक्रॉनचा होतो आणि दाणाही थोडा मोठा. वरचे आकडे त्याप्रमाणे बदला. किरण पसरवल्याशिवाय टेबलावर सोडू नका, आणि डोळ्यांच्या उंचीवर तर कधीच नाही.

चौथी, टेबल. लाकडी टेबलाऐवजी कडाप्प्याची जाड लादी आणि तिच्याखाली कमी हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबा. लेझर, पट्टी, कॅमेरा, सगळे त्याच लादीवर. कॅमेरा वेगळ्या ट्रायपॉडवर ठेवला की सगळी मेहनत वाया. वरून पुठ्ठ्याचे खोके झाका, पंखा बंद करा. फोटो काढायला लागणाऱ्या वेळात एकूण हालचाल तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून कमी हवी, हे लक्षात ठेवले की तुमच्या बोलण्यानेही पट्टे का थरथरतात ते कळेल.

मग भाराआधीचा फोटो साठवा आणि पुढच्या प्रत्येक फोटोतून तो वजा करून फरकाचे ऋण चिन्ह काढून टाका. पट्टे मुक्त टोकाकडे दाट आणि शिकंज्याकडे विरळ दिसायला हवेत. सगळीकडे सारखे अंतर आणि सरळ पट्टे आले, तर पट्टी वाकत नसून शिकंजा फिरतो आहे. अहवालात स्ट्रेन काढताना जपा. या पट्ट्यांवरून स्थानांतर मिळते, वाकण्याचा स्ट्रेन त्याच्या दुसऱ्या अवकलनातून येतो आणि गोंगाट प्रचंड वाढतो. थेट पृष्ठभागाच्या दिशेतले सरकणे हवे असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्या कोनात किरण टाका. ४५ अंशांना हीलियम-निऑनचा एक पट्टा ०.४४७ मायक्रॉनचा.

प्रश्न : वेल्डिंगनंतर प्लेटमध्ये राहिलेला ताण मोजून द्या असे ग्राहक म्हणतो. स्पेकलने जमेल का? (तळोजा)

ताण आत राहिलेला आहे आणि धातू शांत पडून आहे. दोन फोटोंत काहीच फरक नाही, म्हणून नुसते बघून काही मिळणार नाही. तो ताण थोडा मोकळा करावा लागतो. नेहमीची पद्धत म्हणजे छोटे छिद्र पाडायचे आणि आजूबाजूचा धातू किती सरकला ते पाहायचे. २ मिमी व्यासाच्या आरपार छिद्राचा विचार करा. स्टीलमध्ये १०० मेगापास्कलचा ताण एकाच दिशेला असेल, तर त्या दिशेला छिद्राचा काठ सुमारे १ मायक्रॉनने सरकतो. वर सांगितलेल्या ४५ अंशांच्या हीलियम-निऑन ईएसपीआयमध्ये हे सव्वादोन पट्टे झाले. प्लेट जाड असल्याने छिद्र आरपार नसते, तेव्हा त्याहूनही कमी. म्हणून इथे डीआयसीपेक्षा ईएसपीआयला वरचा हात आहे, आणि गेज चिकटवण्याचे कामही वाचते.

काय बिघडते ते आधी सांगतो. मोजायच्या जागी ग्राइंडर फिरवला तर तुम्ही ग्राइंडरचा ताण मोजाल. पाना नको, घण नको, फक्त सॉल्व्हंटने स्वच्छता. ड्रिल धिमे आणि बोथट असेल तर धातू तापतो. स्टील १ अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन फुगते, म्हणून उच्च वेगाची एअर टर्बाइन, ०.०५ ते ०.१ मिमीचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पट्टे स्थिर होईपर्यंत थांबणे. ड्रिलचा भुसा आणि ओरखडे छिद्राच्या काठाजवळचे स्पेकल नष्ट करतात, तो भाग हिशेबातून वगळा. पावसाळ्यात उघड्या स्टीलवर गंज धरायला तासही पुरतो आणि गंजलेल्या जागेचे स्पेकल आधीच्या फोटोशी जुळत नाही, म्हणून सुरुवात केली की त्याच बैठकीत संपवा.

आणि वेल्डच्या अगदी शेजारी ताण यील्डच्या जवळ असतो. छिद्राच्या काठावर तो एकवटतो, तिथे धातूचा आकार कायमचा बदलतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते. असा आकडा आला तर अहवालात तसे लिहा. ग्राहकाला छिद्र चालणार नसेल तर एक्स-रे डिफ्रॅक्शन हा मार्ग आहे. ते स्फटिकाच्या थरांमधले अंतरच मोजते, म्हणून काही मोकळे करावे लागत नाही, पण फक्त पृष्ठभागाचे काही मायक्रॉन पाहते.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये शेजारी पॉवर प्रेस चालतो. तिथे लेझरचे काही चालेल का? (तुर्भे)

ईएसपीआय चालणार नाही. शिअरोग्राफी चालू शकते. तीत वस्तूची प्रतिमा स्वतःच्याच थोड्या सरकवलेल्या प्रतिमेवर बसवतात, त्यामुळे अख्खी वस्तू हलली तरी दोन्ही प्रतिमा बरोबर हलतात. तिच्यातून पृष्ठभागाचा उतार मिळतो. चिकटवलेल्या थरांतली पोकळी शोधायला ती उत्तम, धातूतल्या ताणाच्या आकड्यासाठी नाही.

प्रश्न : मोबाइलच्या कॅमेऱ्याने डीआयसी होईल का? (कळवा)

मोठ्या स्ट्रेनसाठी होईल, रबर किंवा नेकिंगपर्यंत ताणलेले अ‍ॅल्युमिनियम वगैरे. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, प्रतिमा स्थिर करणारी सोय बंद करा, जेपेगऐवजी रॉ फोटो घ्या आणि मोबाइल शिकंज्यात पकडून टायमरने क्लिक करा. हिशेबासाठी एनकॉर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, मात्र त्याला मॅटलॅब लागते. सँडिया प्रयोगशाळेचे डाइस त्याशिवाय चालते. स्टीलच्या यील्डआतल्या ५०० मायक्रोस्ट्रेनसाठी मोबाइलवर विसंबू नका. बिनभाराच्या दहा फोटोंची चाचणी करून पाहा, पुष्कळदा तिथेच त्याहून मोठा आकडा निघतो.